लेकराच्या नावावरचं कर्ज

कोणत्याही प्राथमिक शाळेच्या उपक्रमाचा अहवाल वाचून बघा. मुलं मैदानावर लंगडी खेळली, शिवारात जाऊन पानं गोळा करून आली, मातीचे बैल केले, परसबागेत मेथी पेरली. अहवाल इथे संपायला हरकत नसते, पण तो संपत नाही. पुढे ‘यातून विद्यार्थ्यांमध्ये सहकार्याची भावना वाढीस लागली’, ‘निरीक्षणशक्ती विकसित झाली’ असं एक वाक्य येतंच. उद्देश, कृती, साध्य असे रकाने ठरलेले असतात आणि साध्याचा रकाना रिकामा सोडायची सोय नसते.

यात शिक्षकांना दोष देण्यासारखं काही नाही. रकाने त्यांनी आखलेले नाहीत आणि आपण सगळेच याच भाषेत बोलतो. पोरांना खेळू द्या, असं म्हणणारा माणूससुद्धा लगेच पुढे सांगतो की खेळल्याने डोकं ताजं राहतं आणि अभ्यास चांगला होतो. मुलं खेळली, त्यांना मजा आली, एवढ्यावर कुणाचं भागत नाही. म्हणजे खेळाची वकिली करतानाही आपण निकाल अभ्यासाच्याच बाजूने लावतो.

मग समजा, एखाद्या दुपारी मुलं खेळली आणि त्यातून काहीच साध्य झालं नाही. सहकार्य वाढलं नाही, गणित सुधारलं नाही. तो तास वाया गेला का? या प्रश्नाच्या पोटात आणखी एक मोठा प्रश्न आहे: मुलाचं आजचं आयुष्य त्याच्या उद्यासाठी खर्च करण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

हा प्रश्न मला पुण्यातल्या एखाद्या महागड्या शाळेच्या गेटसमोर उभं राहून विचारायचा नाही. तिथे तो फार सोपा होतो, कारण तिथल्या मुलांचं उद्या बऱ्यापैकी सुरक्षित असतं. तो साखऱ्यासारख्या गावात विचारून बघावा. साखरा हे हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यातलं गाव. परभणीतून वेगळा होऊन १ मे १९९९ ला झालेला हा जिल्हा. संत नामदेवांची नर्सी इथली, औंढा नागनाथ इथलं, आणि हळदीसाठी हिंगोली-वसमतच्या बाजारपेठा राज्यभर माहीत आहेत. बाकी शिवारात सोयाबीन, तूर, कापूस. पाऊस वेळेवर आला तर वर्ष निभावतं. भाव पडला तर निभावलेलं वर्षही हातातून जातं. अशा ठिकाणी ‘पोरगं शिकलं तर घर वर येईल’ हे वाक्य कुणी सुविचार म्हणून फळ्यावर लिहीत नाही. तो घरातला सगळ्यात गंभीर हिशोब असतो. तिथे जाऊन ‘मुलांना आजमध्ये जगू द्या’ म्हणणाऱ्याला एखादी माय सरळ विचारेल, “खेळून पोट भरतं का, बाबा?” तिला उत्तर देता आलं नाही, तर आपलं तत्त्वज्ञान तिच्या काही कामाचं नाही.

आधी शाळेत काय चालतं ते बघू. जिल्हा परिषदेच्या शाळेचा दिवस परिपाठाने सुरू होतो. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, दिनविशेष, बोधकथा, पाढे. मग वर्ग, दुपारी खिचडी, पुन्हा वर्ग, शेवटी मैदान. गेल्या काही वर्षांत या दिवसाला दोन बाजूंनी ओढ बसते आहे. एकीकडे जुलै २०२१ मध्ये सुरू झालेलं ‘निपुण भारत’ अभियान: तिसरीच्या अखेरीस प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं आणि साधं गणित जमावं. दुसरीकडे राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने २०२४ मध्ये पहिली ते आठवीसाठी आणलेला ‘आनंददायी शनिवार’. एक म्हणतं, पाया पक्का करा. दुसरं म्हणतं, जरा मोकळं सोडा. दोन्ही गोष्टी चांगल्याच आहेत. पण आनंदाला आपण आठवड्यातला एक वार नेमून दिला, यावरून बाकीच्या पाच दिवसांबद्दल आपण काय समजून चाललो आहोत, तेही कळतं.

कायद्यांची भाषाही बघण्यासारखी आहे. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला मैदान आणि खेळाचं साहित्य असलंच पाहिजे असं म्हटलं आहे. कृतीतून आणि शोधातून शिकणं, मुलाला भीतीपासून मुक्त ठेवणं हीही त्या कायद्यातली तत्त्वं आहेत. पण या सगळ्याचा रोख शिकण्याकडे आहे. संयुक्त राष्ट्रांचा १९८९ चा बालहक्क करार मात्र एकतिसाव्या कलमात विश्रांती आणि खेळ हा मुलाचा हक्क आहे असं सरळ म्हणतो. त्यातून काय साध्य व्हावं याची अट तिथे नाही. भारताने हा करार १९९२ मध्ये स्वीकारला. खेळ हे साधन आहे, असं मानलं की त्याहून स्वस्त साधन मिळताच खेळ बंद करता येतो. खेळ हा हक्क आहे, असं मानलं की मग तो काढून घेणाऱ्याला कारण द्यावं लागतं. दोन्हींत बराच फरक आहे.

या प्रश्नाची सगळ्यात नेमकी मांडणी मला सापडली ती १८२६ सालच्या बर्लिनमध्ये. फ्रीडरिश श्लायरमाखर नावाचा तत्त्वज्ञ तिथल्या विद्यापीठात शिक्षणावर व्याख्यानं देत होता. त्याने विचारलं, की आयुष्यातला एक क्षण दुसऱ्या क्षणासाठी नुसतं साधन म्हणून खर्ची घालणं नैतिकदृष्ट्या चालेल का? सगळं शिक्षण तर तेच करतं. आज मुलाला ज्याची गरज वाटत नाही, ते उद्या लागेल म्हणून शिकवतं. त्याआधी १७६२ मध्ये रूसोने ‘एमिल’मध्ये अशाच शिक्षणावर राग काढला होता. त्या काळी जन्मलेली कितीतरी मुलं मोठी होईपर्यंत जगतच नसत. ज्या उद्यासाठी त्यांनी सगळं सोसलं, तो त्यांच्या वाट्याला आलाच नाही.

श्लायरमाखरचं उत्तर मला प्रामाणिक वाटतं. त्याने भविष्य सोडून द्या असं म्हटलं नाही. तयारी करून घ्या, पण ती तयारी त्या क्षणीही मुलाला समाधान देणारी असली पाहिजे, असं तो म्हणतो. लहान वयात सराव आणि खेळ वेगळे करू नका. मूल मोठं होत जाईल तसे ते हळूहळू वेगळे होतील, कारण तोवर मुलाला स्वतःलाच उद्या दिसायला लागतो आणि आजचे कष्ट त्याला मान्य असतात.

कळीचा शब्द आहे तो मान्यता. मी बारावीच्या वर्षी खूप गोष्टी सोडल्या, क्रिकेट तर पूर्णच. पण सतरा वर्षांच्या मुलाला आपण काय सोडतोय आणि कशासाठी, हे थोडंफार कळतं. ते कर्ज माझं होतं, माझ्या सहीचं होतं. पहिलीतल्या सहा वर्षांच्या पोराला मात्र पुढचा शनिवारसुद्धा लांब वाटतो. त्याला ‘मोठेपणी उपयोगी पडेल’ म्हणून सकाळपासून संध्याकाळपर्यंत गप्प बसवणं म्हणजे त्याच्या नावावर परस्पर कर्ज काढणं आहे. आमच्याकडे कर्ज म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. दुसऱ्याच्या अंगठ्यावर काढलेलं कर्ज तर नाहीच नाही.

माझं प्राथमिक शिक्षण याच पट्ट्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत झालं. एका पावसाळ्यात गुरुजींनी आम्हाला दहा वेगवेगळी पानं आणायला सांगितली. मी मोजून दहा आणली. माझ्या शेजारी बसणाऱ्या मित्राने तेवीस आणली आणि लिंबाच्या झाडाखाली मांडून एकेकाचं नाव सांगितलं: पळस, तरोटा, आघाडा, रुई, करंज, हिवर, कुर्डू. चार-पाच पानं गुरुजींनाही ओळखता आली नाहीत. त्यांनी ती त्याच्याकडून समजून घेतली, आम्ही सगळे तोंड उघडं टाकून ऐकत होतो. पुढे सहावीनंतर त्याची शाळा सुटली. आज तो हार्वेस्टर चालवतो, सोयाबीनच्या दिवसांत रात्रंदिवस. मी लॅपटॉपसमोर बसतो.

आता साध्याच्या रकान्याने हिशोब करू. मी ‘यशस्वी’, तो ‘गळती’. माझ्या बाबतीत म्हणता येईल की त्या पानांच्या तासाने निरीक्षणशक्ती वाढली आणि पुढे इंजिनिअर झाला. त्याच्या बाबतीत काय म्हणणार? तो तास फुकट गेला? लिंबाखालचा तोच तास, तोच पाऊस, उलट तेवीस पानं त्याची आणि दहा माझी. वीस वर्षांनी कोण कुठे पोचला यावरून त्या तासाची किंमत माझ्यासाठी वेगळी आणि त्याच्यासाठी वेगळी कशी ठरेल? जर त्या तासाला काही मोल असेल, तर ते त्या तासातच असलं पाहिजे. मला यावर दुसरं कुठलंही उत्तर न्याय्य वाटत नाही.

हे फक्त माझ्या मित्रापुरतं नाही. मराठवाड्यातून दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला कुटुंबं निघतात आणि पार उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. मुलं गावातच राहावीत म्हणून हंगामी वसतिगृहं चालवली जातात, तरी सगळीच राहत नाहीत. अशा मुलाच्या वाट्याला वर्षातले काही महिनेच शाळा येते. शाळेचं मोल शेवटी मिळणाऱ्या प्रमाणपत्रात आहे असं मानलं, तर या मुलावर घेतलेली मेहनत म्हणजे अर्धवट सोडलेलं बांधकाम. शिक्षकालाही मग आतून वाटायला लागतं, हे तर जाणारच आहे, कशाला? पण जून ते ऑक्टोबर ते मूल वर्गात हसलं, खो-खोत पळालं, एका दुपारी ‘पाऊस’ हा शब्द स्वतः वाचला, हे पूर्ण झालेलं आहे. पुढे काहीही झालं तरी ते मागे जाऊन पुसता येत नाही.

आता त्या मायच्या प्रश्नाकडे येतो. खेळून पोट भरत नाही, हे खरंच आहे. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या शाळेच्या दारात उभं राहू दिलं नाही, त्यांच्यासाठी उद्याची मागणी हा न्यायाचा प्रश्न आहे. १८८२ मध्ये जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिलं. त्यात त्यांनी सामान्य शेतकरी-कष्टकऱ्यांच्या मुलांसाठी मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, शेतीचं प्राथमिक ज्ञान मागितलं. ते मागणं आजही जुनं झालेलं नाही. साखऱ्याच्या मुलाला वाचता आलं नाही, तर ‘पण त्याचं बालपण आनंदात गेलं’ हे त्याच्या आईला सांगणं क्रूरपणाचं होईल.

मात्र यात एक गोष्ट आपल्या नजरेतून सुटते. वाचता न येणं ही फक्त उद्याची अडचण नसते. चौथीत बसलेल्या ज्या मुलाला पहिलीचं वाक्य वाचता येत नाही, त्याचा आजचा दिवस कसा जात असेल? दिवसभर पुस्तक उघडं, शेजारचा पान उलटतो म्हणून आपणही उलटायचं, आणि आपलं नाव पुकारलं जाऊ नये म्हणून मान खाली. तो रोज वर्गात एकटा असतो. त्याला वाचायला शिकवणं हे त्याच्या आजवरचंच ओझं उतरवणं आहे. आणि अक्षरं जुळून शब्द होतो त्या क्षणी मुलाचा चेहरा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हा खेळाहून कमी आनंद आहे असं कुणी सांगू नये.

म्हणजे वर्ग एका बाजूला आणि मैदान दुसऱ्या बाजूला, अशी वाटणीच चुकीची आहे. सूर लावून सगळ्यांनी मिळून म्हटलेले पाढे हा खेळच असतो. तेच पाढे छडीच्या धाकाने म्हटले की कर्ज होतं. उलट मैदानावरही कर्ज काढता येतं. पाहुणे येणार म्हणून उन्हात पंधरा दिवस बसवलेली कवायत मैदानावरचीच असते. दरवर्षी जुलैत त्याच खड्ड्यात लावलेलं रोप हाही मैदानी उपक्रमच. तास कुठे झाला यापेक्षा तो कुणाचा होता, हे बघायला हवं.

परसबाग हे याचं चांगलं उदाहरण आहे. मेथी पेरली की महिन्याभरात काढायला येते आणि शाळेच्याच खिचडीत पडते. पाणी घालणाऱ्या मुलाच्या डोळ्यांसमोर ती उगवते, वाढते, त्याच्याच ताटात येते. इथे उद्देश आहे, उद्याही आहे, पण तो मुलाच्या हाताला लागेल इतक्या अंतरावर आहे. वीस वर्षांनी लागणाऱ्या नोकरीसाठी मूल पाणी घालू शकत नाही. महिन्याने होणाऱ्या भाजीसाठी घालू शकतं, आणि त्याला ते मान्यही असतं.

हे आपल्याकडे कुणी करून दाखवलंच नाही असंही नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या, आणि पुढे ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथली आदिवासी मुलं शाळेत येत नव्हती, कारण ती गुरं राखायला जात होती. तेव्हा शाळाच कुरणात गेली, म्हणून ती ‘कुरणशाळा’. शिंपले, बिया, पानं, दगड हेच शिकवण्याचं साहित्य. गुरं राखणं सोडलंस तरच तुझं शिक्षण सुरू होईल, असं त्या मुलाला कुणी म्हटलं नाही. त्याचा चालू असलेला दिवस खरा मानला आणि त्यात अक्षरं नेऊन ठेवली. मला यातली नैतिक बाजू शिक्षणपद्धतीइतकीच मोठी वाटते.

माझ्या कामात एक साधा नियम असतो. नवीन कोड आधी टेस्टिंगच्या सर्व्हरवर चालवायचा. तिथे काही बिघडलं तरी कुणाचं नुकसान होत नाही, कारण तिथला डेटा खोटा असतो. खरं काम प्रोडक्शनमध्ये सुरू होतं. बालपणाकडे आपण नकळत टेस्टिंगसारखं बघतो. खरं आयुष्य नोकरी लागल्यावर, हे सगळं त्याआधीची तयारी. पण दुसरीतल्या मुलाला वाटलेली भीती खरी असते, अपमान खरा असतो, आनंदही खरा असतो. तिथे खोटा डेटा नाही आणि मागची आवृत्ती परत आणायची सोयही नाही.

मोजमापाबद्दलही मला थोडं माहीत आहे, कारण डॅशबोर्ड बनवणं हेच माझं काम आहे. डॅशबोर्डवर जे दिसतं त्याकडे माणसं धावतात आणि जे दिसत नाही ते हळूहळू बंद पडतं. लंगडी रंगात आली असताना फोटोसाठी ती थांबवली जाते, मुलं ओळीत उभी राहतात, फोटो अपलोड होतो. खेळ झाला याचा पुरावा मिळतो, पण खेळ तेवढ्यापुरता मोडलेला असतो. मोजूच नका असं मी म्हणणार नाही. वाचता येतं की नाही हे मोजलंच पाहिजे, नाहीतर मान खाली घातलेला तो चौथीतला मुलगा कुणाला दिसणारच नाही. पण काही तास मोजायचे नाहीत, असं ठरवावं लागतं. आपोआप ते उरत नाहीत.

इथे कुणी विचारेल, मग मुलाला जे आवडेल तेच करू द्यायचं का? दिवसभर मोबाइल दिला तरी ते खूश असतं. याचं उत्तर आपण स्वतःवरूनच देऊ शकतो. दोन तास रील्स बघून उठल्यावर काय बघितलं ते आपल्याला सांगता येत नाही. तो वेळ आपल्यावरून गेला, आपण त्यात नव्हतो. तेवीस पानं आणणारा मुलगा मात्र त्या तासात पूर्ण होता. मूल गुंग आहे की नुसतं गुंतवून ठेवलेलं आहे, हे जवळ बसणाऱ्या शिक्षकाला ओळखता येतं.

आणि हा प्रश्न लहान मुलांपुरता राहत नाही. दहावी झाली की मोकळा, बारावी झाली की मोकळा, प्लेसमेंट झाली की, प्रमोशन मिळालं की, फ्लॅटचे हप्ते फिटले की. माझ्या वयाच्या कितीतरी जणांना आजचा दिवस जगायला परवानगी लागते आणि ती नेहमी पुढच्या टप्प्यावर मिळणार असते. ही सवय आपल्याला ऑफिसात लागलेली नाही. ‘आत्ता गप्प बस, पुढे उपयोगी पडेल’ हे आपण सहाव्या वर्षी ऐकलं आणि खरं मानलं.

म्हणून त्या मायला मी एवढंच म्हणेन: माय, तुझं पोरगं वाचायला शिकलंच पाहिजे, त्यात कसूर नको. पण ते शिकताना त्याचा आजचा दिवसही त्याचाच राहिला पाहिजे, कारण पुढचं काही तुझ्या-माझ्या हातात नाही. पाऊस नाही, भाव नाही, नोकरी नाही. आजची दुपार तेवढी आहे. आणि एखाद्या शनिवारी एखाद्या गुरुजींनी किंवा बाईंनी साध्याच्या रकान्यात ‘मुलं मनसोक्त खेळली’ एवढंच लिहिलं, तर तो रकाना भरलेला आहे, असं म्हणायची हिंमत आपल्यात असायला हवी.